कच्ची जवारी

"बाई, भिंतीला नका टेकवू त्यांना," म्हातारा दारातूनच म्हणाला. "भिंतीला ओल आहे. भोपळ्यावरची लाकडी तबली उलेल."

मी मान वर करून पाहिलं. पांढरी टोपी, पांढरी दाढी, लाखेचे डाग पडलेला सदरा. मागं तिशीतली एक मुलगी, डोक्यावरून ओढणी, हातात कागदांनी फुगलेली पिशवी. मिरजेच्या आमच्या ठाण्यात मी तेव्हा मुद्देमाल कारकून होते. जप्त होऊन येईल ती वस्तू माझ्या खोलीत, माझ्या कुलपात आणि माझ्या सहीत. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी रक्ताच्या कुऱ्हाडी सांभाळल्या, गांजाची पोती सांभाळली, एकदा तर चोरीची शेळी सांभाळली आणि ती तिथंच व्याली. पण तंबोरे पहिल्यांदाच आले होते. सहा नग, एकेक माझ्या छातीपर्यंत उंच.

"मुद्देमालाचं काय करायचं ते मला शिकवू नका," मी म्हटलं. "आणि उंबऱ्याच्या आत पाय नको."

"पाय नाही ठेवत. तेवढे हातभर पुढं सरकवा."

मी सरकवले नाहीत. तो गेल्यावर सरकवले. माझा स्वभावच तसा, कुणी सांगितलेलं त्याच्या देखत करायचं म्हणजे जिवावर येतं.

दुसऱ्या दिवशी म्हातारा पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, आत बघायचा, मोजायचा आणि जायचा. चौथ्या दिवशी मीच मुलीला बाकावर बसवलं आणि विचारलं, "काय भानगड आहे गं ही?"

तिचं नाव नसीम. म्हातारा तिचा बाप, कुतबुद्दीन शिकलगार, गावात सगळे कुतुबचाचा म्हणत. आजोबांपासून तंबोऱ्यांचं काम. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन कारागीर, चाचा आणि ही. अभिजित कारेकर नावाचा एक व्यापारी वर्षभर येऊन-जाऊन होता, गोड बोलायचा, चाचांच्या पाया पडायचा. एक दिवस म्हणाला, परदेशात मोठं प्रदर्शन आहे, तीन जोड्या जांगड द्या.

"जांगड म्हणजे माहितीये ना बाई? विकलं गेलं तर पैसे, नाहीतर माल परत. तोवर मालक आम्हीच. आमच्या धंद्यात असंच चालतं, तोंडी."

"मग लिहून घेतलं नाही काही?"

"वहीत लिहिलं. त्याची सही नाही घेतली." तिनं पिशवी मांडीवर ओढली. "आणि वर तो म्हणाला, वाटेत गाडी अडवली तर कागद लागतो, चाचा, नावाला एक बिल फाडा. अब्बांनी फाडलं."

मी कपाळावर हात मारला. बिल फाडलं म्हणजे कागदावर विक्री झाली. कारेकरचा फोन बंद झाल्यावर ही बाप-लेक जेव्हा तक्रार द्यायला आली, तेव्हा आमच्याच माणसांनी ते बिल बघून सांगितलं होतं, 'हा दिवाणी मामला. विकलेत, पैसे आले नाहीत, कोर्टात दावा लावा.' नसीमनं ठाण्याचे अकरा हेलपाटे घातले. शेवटी गावातल्या आणखी दोन सतारवाल्यांना कारेकरनं असंच गंडवलेलं निघालं, तेव्हा कुठं नव्या साहेबांनी गुन्हा दाखल करून घेतला. कारेकर सापडला, जामिनावर सुटला. तंबोरे त्यानं पुण्यातल्या शिरीष पागे नावाच्या दुकानदाराला विकले होते. चाचांच्या नावाच्या पट्ट्या खरवडून काढल्या होत्या. आम्ही तिथनं जप्त करून आणले आणि लागलीच पागेंचाही अर्ज आला, मी चेकनं पैसे मोजून घेतलेत, माझा माल मला द्या.

"आता कोर्ट कुणाला देईल?" नसीमनं विचारलं.

"मला काय विचारतेस? मी कुलूप सांभाळते."

"परत आले तर विकून कारागिरांचा थकलेला पगार देता येईल, कारखाना चालेल," ती म्हणाली. "दीड वर्षाचं काम आहे ते. नाही आले तर एक तारखेपासून मी कुपवाडला पॅकिंगच्या कामावर. खोली भाड्यानं द्यायचं अब्बांनी ठरवलंय. बेकरीवाला बघून गेला."

पूर्वीची गोष्ट असती तर मी तिला सांगितलं असतं, बाई गं, आशा सोड. खटला संपेपर्यंत मुद्देमाल तसाच पडायचा. माझ्या खोलीत अशा वस्तू होत्या, ज्यांचे मालक मरून गेले आणि आरोपीही मरून गेले. पण नवा कायदा लागू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यात ठरवून दिलं होतं की कोर्टानं चौदा दिवसांत मालाचं वर्णन, फोटो, व्हिडिओ करून घ्यायचे आणि तिथून पुढं तीस दिवसांत माल कुणाला द्यायचा ते ठरवायचं. पुढं खटल्यात तेच फोटो-व्हिडिओ पुरावा म्हणून चालतात. आम्ही जुन्या लोकांनी या कायद्याला पोटभर नावं ठेवली होती, कारण व्हिडिओ काढायचे आम्हीच.

तर कोर्टाचा हुकूम आला आणि एका मंगळवारी दुपारी मी दोन पंच बोलावले, ओळख पटवायला चाचांना आणि नसीमला बोलावलं, सील फोडले आणि मोबाइल हातात घेतला. एका तंबोऱ्याभोवती फिरून चित्रण केलं, दुसऱ्याकडं वळले.

"झालं?" चाचा म्हणाले.

"झालं की."

"बाई, वाद्याचा व्हिडिओ असा मुका काढतात होय? माणसाचा जबाब तोंड बांधून घेता का तुम्ही?"

पंच हसायला लागले. मला राग आला, पण म्हातारा खोटं बोलत नव्हता. म्हटलं, छेडा. चाचांनी तारा लावल्या आणि एकेक करून साही तंबोरे छेडले. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मलाही कळलं की यात काही दम नाही. ठक्, ठक्. लाकडावर टिचकी मारावी तसा आवाज.

"हेच का तुमचं दीड वर्षाचं काम?" मी म्हटलं.

"जवारी कच्ची आहे," चाचा म्हणाले. त्यांनी तारा जिच्यावरून जातात ती हाडाची घोडी दाखवली. "ही कानशीनं केसभर केसभर घासायची. तार हिच्यावर नीट टेकली की तंबोरा बोलतो. तीच जवारी. पण बाईमाणसाचा सूर वेगळा, पुरुषाचा वेगळा. गिऱ्हाईक ठरल्याशिवाय आमच्या घरात जवारी करत नाहीत. विकला गेला की गिऱ्हाईक सांगतं, मग मी करून देतो. पहिली जवारी फुकट. पुण्याला असो, दिल्लीला असो, जाऊन करून देतो."

"नसीम नाही करत?"

"पोरी पॉलिश करतात. जवारी नाही."

नसीम खिडकीतून बाहेर बघत होती. 

व्हिडिओ झाले, पंचांनी सह्या केल्या आणि गेले. नसीम झेरॉक्स काढायला गेली. आता सील लावायचे एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात फाटकाशी दोन भाऊबंदांत जुंपली, बायका एकमेकींच्या झिंज्या धरून, आणि महिला पोलीस म्हणून ठाण्यात मी एकटी. मी लाख घेऊन बसलेली तशीच उठले. चाचांना म्हटलं, हलू नका इथनं, आलेच. मला यायला दीड तास लागला. ही माझी चूक. मुद्देमालाच्या खोलीत परक्या माणसाला एकटं सोडून गेले, आणि तोही त्यातलाच एक अर्जदार.

परत येताना बोळातच मला आवाज ऐकू आला. मधमाश्यांचं मोहोळ लांबून ऐकावं तसा, पण गोड. खोलीभर भरून राहिलेला. मी दारात उभी राहिले. चाचा जमिनीवर बसलेले, मांडीवर तंबोरा, बाजूला खिशातली बारकी कानस, सदऱ्यावर हाडाची पांढरी भुकटी.

"चाचा, काय केलंत हे?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग हातातल्या कानशीकडं. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं असावं. "बाई, आठ महिने मुका बसलाय तो," ते म्हणाले. "हात आवरला नाही."

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सरकारी मुद्देमालात फेरफार, माझी नोकरी, माझी पेन्शन, सगळं काढलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं माझ्या. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. मग मी साहीच्या साही नगांना सील ठोकलं, कुलूप लावलं आणि स्टेशन डायरीत एक अक्षर लिहिलं नाही. सहांतला एक. कोण कान लावून बघणार आहे? असं मी स्वतःला समजावलं. रात्री जेवण गेलं नाही ते वेगळं.

सुनावणीच्या दिवशी तंबोरे कोर्टात हजर करायचे होते, म्हणून मीही गेले. मॅजिस्ट्रेटसाहेब तरुण होते, चाळिशीच्या आतले, कमी बोलणारे. बाप-लेकीला मोफत कायदा मदतीतून भोकरे म्हणून एक वकीलबाई मिळाल्या होत्या. पागेंतर्फे सांगलीचे नाडगौडा वकील, पुराने चावल.

नाडगौडांनी बिल वर धरलं. "साहेब, यांनी बिल करून माल विकला. कारेकरनं तो आम्हाला विकला, आम्ही चेकनं पैसे दिले. यांचे पैसे कारेकरनं बुडवले असतील तर तो यांचा-त्यांचा दिवाणी वाद. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?"

भोकरेबाई उठल्या. त्या सरळ मुद्द्यावर आल्या. "बिल वाटेत दाखवण्यापुरतं होतं, साहेब. माल जांगड होता. पुरावा तंबोऱ्यांतच आहे. या घराण्यात विक्री झाल्याशिवाय जवारी करत नाहीत. साही तंबोऱ्यांची जवारी कच्ची आहे. म्हणजे मालकानं ते विकलेलेच नाहीत."

मी तंबोऱ्यांच्या सीलांकडं बघितलं. साही. नसीमला चाचांनी काही सांगितलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. ती सरळ ताठ बसली होती, वकीलबाईंच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत. चाचा माझ्याकडं बघत होते.

"म्हणे कच्ची जवारी," नाडगौडा हसले. "हातच्या काकणाला आरसा कशाला, साहेब? वाजवूनच बघू या. पागे स्वतः गाणारे आहेत."

साहेबांनी होकार दिला. मी सील फोडायला उठले. पागेंनी सहांतला मधलाच एक उचलला, आणि नशीब बघा, तोच. त्यांनी तारा लावल्या, बोटं फिरवली, आणि सगळ्या कोर्टात तो आवाज भरला. मागं आपापल्या तारखेला आलेली माणसं बोलत होती, ती गप्प झाली. शिपाई दारात थांबला. पागेंची बोटंसुद्धा थांबेनात.

"हा कच्चा?" नाडगौडा म्हणाले. "साहेब, पुरता तयार तंबोरा आहे. मला आणखी काही बोलायचं नाही."

नसीमनं बापाकडं पाहिलं. चाचांनी डोळे मिटून घेतले होते. भोकरेबाई कागद चाळायला लागल्या, पण चाळण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला तो क्षण अजून आठवतो. मी गप्प बसले असते तर मला कुणी काही विचारलं नसतं. तंबोरे पुण्याला गेले असते, खोलीत बेकरी आली असती आणि मी सुखानं पेन्शनीत निघाले असते.

"साहेब, मला बोलायचंय," मी म्हटलं.

"आपण?"

"हेड कॉन्स्टेबल रत्नमाला खरमाटे. मुद्देमाल माझ्या ताब्यात आहे. हा तंबोरा माझ्या खोलीत बोलता झालाय, साहेब. व्हिडिओ काढून झाल्यावर, सील लावायच्या आधी, मी भांडण सोडवायला बाहेर गेले. दीड तास. तेवढ्यात यांनी याची जवारी केली. मी डायरीत नोंद केली नाही. चूक माझी आहे. पण आधीचा व्हिडिओ आहे, आवाजासकट. त्यात हाच तंबोरा ठक्क वाजतोय."

नाडगौडा ताडकन उभे राहिले. मुद्देमालाशी छेडछाड, पोलिसांची मिलीभगत, सगळा माल संशयास्पद, असं बरंच बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "याचा खुलासा तुम्हाला लेखी द्यावा लागेल."

"देईन, साहेब."

"व्हिडिओ लावा."

व्हिडिओ लागला. पंच दिसत होते, तारीख-वेळ दिसत होती, घोडीजवळचा लाकडातला काळा डाग दिसत होता. तोच डाग समोरच्या तंबोऱ्यावरही होता. आवाज आला, ठक्, ठक्. मग साहेबांनी उरलेले पाचही एकेक करून छेडायला लावले. पाचही ठक्.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग पागेंना म्हणाले, "हे तुमच्या दुकानात किती दिवस होते?"

"चार महिने, साहेब."

"एकही विकला गेला नाही?"

"नाही. गिऱ्हाईक यायचं, छेडायचं, ठेवून द्यायचं. आवाजच नव्हता त्यात." पागे अजून त्या तंबोऱ्याकडंच बघत होते. "हा असा आवाज असता तर पहिल्या आठवड्यात गेले असते."

"मग जवारी करून का नाही घेतली? पुण्यात कारागीर असतील."

"मिरजेच्या कामाला दुसऱ्याचा हात कशाला लावायचा? ज्यानं केलाय त्यानंच..." पागे बोलता बोलता थांबले. नाडगौडांनी त्यांच्या बाहीला हात घातला होता, पण उशीर झाला होता.

"म्हणजे काम मिरजेचं आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं," साहेब शांतपणे म्हणाले. "पहिली जवारी करणारा फुकट करून देतो, हेही तुमच्या धंद्यात ठाऊक असणार. सहा तंबोरे चार महिने मुके पडून, गिऱ्हाईक परत जातंय, आणि तुम्ही एक फोन केला नाही. का?"

पागे वाईट माणूस नव्हता, मला अजूनही तसं वाटतं. लोभात सापडलेला माणूस. त्यानं घाम पुसला. "कारेकर म्हणाला होता, साहेब, मिरजेला कळवू नका. म्हणून स्वस्तात देतोय म्हणाला."

नाडगौडा खाली बसले.

निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर देतो, साहेब म्हणाले. आम्ही व्हरांड्यात बसलो. नसीमनं बापाला विचारलं, "अब्बा, का केलंत? सगळं गेलं असतं."

"गेलं असतं," चाचा म्हणाले. "विकला गेला तर दुसऱ्याच्या घरी बोलेल, बुडाला तर कुणाच्याच नाही. एकदा तरी आपल्या कानांनी ऐकावा वाटलं." मग ते माझ्याकडं वळले. "तुमची नोकरी घालवली मी."

"घालवायला ती काय तंबोऱ्यासारखी नाजूक आहे?" मी म्हटलं. "ठपका येईल. येऊ दे."

"अजून एक सांगतो, बाई. पूर्वी अर्ध्या तासात व्हायचं ते काम. त्या दिवशी दीड तास लागला. हात कापतो." हे त्यांनी मला सांगितलं, पण आवाज असा ठेवला की नसीमला ऐकू जावं.

सुट्टीनंतर साहेबांनी आदेश वाचला. सकृद्दर्शनी माल जांगड दिलेला दिसतो, विक्री झालेली दिसत नाही. मालकाचा विश्वासघात झाल्याचं दिसतं. पागेंनी आपल्या पैशांसाठी कारेकरवर दावा लावावा, दिवाणी वाद असेल तर तो त्या दोघांतला. फोटो आणि व्हिडिओ नोंदीवर आहेत, त्यामुळं वस्तू खटला संपेपर्यंत अडकवून ठेवायचं कारण नाही. जामीनपत्र देऊन अर्जदारानं तंबोरे घेऊन जावेत आणि हवं तर विकावेत. मुद्देमाल कारकुनाकडून खुलासा मागवावा, हेही त्यात होतंच. पुढं मला ठपका बसला, एक वेतनवाढ गेली. माझ्या नवऱ्यानं महिनाभर टोमणे मारले, पण ते तो एरवीही मारायचाच.

आदेश वाचून साहेब लिपिकाला म्हणाले, "सुपूर्तनामा तयार करा. कुणाच्या नावानं?"

लिपिकानं लेखणी उचलली. "कुतबुद्दीन..."

"नाही," चाचा म्हणाले. ते बाकाला धरून उभे राहिले. "नसीम कुतबुद्दीन शिकलगार, असं लिहा."

साहेबांनी वर पाहिलं. "अर्ज तुमच्या नावानं आहे. कारखाना तुमचा ना?"

"होता, साहेब. आमच्यात जो जवारी करतो, त्याचा कारखाना. पाच राहिलेत, ते मी सांगेन तशी तीच करणार."

साहेबांनी भोकरेबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि अर्जदारानं नेमलेली व्यक्ती म्हणून नाव घालायला पुरवणी अर्ज लिहायला घेतला. अकरा हेलपाटे घालताना जिच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नाही, ती नसीम मटकन बाकावर बसली आणि ओढणीत तोंड लपवून रडायला लागली. मी तिच्या हातात पेन दिलं. म्हटलं, रड नंतर, आधी सही कर, पाच वाजता माझं कुलूप लागतं. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "बाई, सही कुठं करायची?"